हेरमान मास्तरांची भावकी

रंगाचा नवा डबा फोडायच्या आधी हेरमान मास्तर त्यावरचा कागद पाण्यानं भिजवून अलगद सोडवून घेत. मग चष्मा चढवून, अक्षरांखाली बोट ठेवून, त्यावर छापलेलं सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. कारखान्याचं नाव, मालकाचं नाव, अगदी खाली बारीक टाइपातलं छापखान्याचं नाव. भट्टीवर पाणी खळखळत असे, सुताच्या लडी भिजून पडलेल्या असत आणि माझे तेलुगू घरमालक कुरकुरत, "मास्तर, रंग टाकायचा का वाचत बसायचा?" मास्तर मान वर न करता म्हणत, "थांबा की. आमच्या भावकीतलं कोन सापडतंय का बगतो."

भावकी म्हणजे हेरमान नावाची माणसं. परदेशातून आलेल्या डब्यांवर, सुयांच्या पुड्यांवर, घड्याळाच्या खोक्यांवर हे नाव कुठं ना कुठं सापडे. सापडलं की मास्तर तेवढा तुकडा कातरून एका वहीत चिकटवत. कुठं हेर्मान, कुठं हेर्मान्स, इंग्रजांच्या मालावर हार्मन, फ्रेंचांच्या अत्तराच्या कागदावर आर्मां, इटलीच्या कुठल्याशा बाटलीवर एर्मानो. "समदे येकाच बुडक्याचे," ते म्हणत. "मुलूख बदलला की मानसाची बोली बदलती, नाव बी बदलतं. फ्रेंचानं पुडचा ह खाल्ला, इटलीवाल्यानं मागं शेपूट लावलं. पन बूड येक हाय."

मी तेव्हा भवानी पेठेत राहत होते. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, पुढं ट्रेनिंग कॉलेजात शिकून मास्तरीण झाले आणि आईला घेऊन सोलापुरात आले. घरमालक विणकर. खाली त्यांचे चार माग नि रंगाची भट्टी, वर आमच्या दोन खोल्या. पलीकडच्या गल्लीत आमची शाळा, मराठी चौथीपर्यंतची. शिक्षक तीनच आणि कारकून नाही, म्हणून मुलांची नावं रजिस्टरात घालायचं नि दाखले लिहायचं काम माझ्याकडं आलेलं. घरमालकांचा लाल रंग टिकत नसे, म्हणून दर रविवारी मास्तर मदतीला येत. उंच, काळे, हाडं मोजून घ्यावीत असे. अंगात गळाबंद कोट, पाय अनवाणी, आणि मनगटापर्यंत हात निळे. तो निळा कधी निघाला नाही. पेठेतली माणसं त्यांना हरमण्णा म्हणत. नाव ऐकून कुणी ते कानडी आहेत असं समजे, कुणी लिंगायत. मास्तर कुणाचाच गैरसमज दूर करत नसत.

त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यानं कळली. विजापुराच्या अंगाला मोठा दुष्काळ पडला होता तेव्हा मास्तर पाच-सहा वर्षांचे. कुणीतरी त्यांना जर्मन पाद्र्यांच्या अन्नछत्राच्या दारात आणून सोडलं. आई होती, की मामा, की वाटेत भेटलेलं कुणी, त्यांना आठवत नव्हतं. पाद्र्यांनी नाव विचारलं तर हे पोर म्हणालं, "पेज."

"माजं नाव पेज," मास्तर सांगायचे. "चार दिस वहीत त्येच लिवलेलं हुतं म्हनं. मंग पाद्रीबाबांनी हेरमान लिवलं. त्येंचा ल्योक हुता हेरमान, तापानं गेल्याला. त्येचेच सदरे मला घातले, त्येचंच नाव घातलं. सदरा गुडघ्याच्या खाली यायचा. पाद्रीबाबा म्हनाले, वाढशील."

यावरून त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. पेठेत कुणाच्या बारशाची गोष्ट निघाली, की मास्तर म्हणत, "नाव म्हंजे सदरा हाय. मापाचा नसंना का, मानूस वाडून घेतो."

पाद्र्यांनी त्यांना मागावर बसायला शिकवलं, रंग शिकवला आणि नावाचा अर्थही सांगितला. जर्मनांच्या जुन्या बोलीत हेर म्हणजे फौज आणि मान म्हणजे माणूस. हेरमान म्हणजे फौजेतला माणूस. हजारो वर्षांपूर्वी ती माणसं रानात राहायची, टोळ्या करून लढायची. तेव्हापासूनचं हे नाव. ज्या ज्या मुलखात त्यांच्या फौजा गेल्या तिथं ते रुजलं. पुढं राजे गेले, फौजा गेल्या, तरी लोहार, सुतार, विणकर अशा साध्या माणसांनी ते जपलं. एकेका गावात चार-चार हेरमान झाले, तेव्हा बापाचं नाव पोरांनी मागं लावलं. अशा रीतीनं नावाचं आडनाव झालं. हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. शेवटी ते हसून म्हणत, "बाकी समद्यांकडं ह्ये नाव फौजंबरुबर गेलं बाई, माज्याकडं पेजंबरुबर आलं. फौजेतला मानूस, आन् मला कोंबडी कापवत न्हाय."

मोठी लढाई सुरू झाली तेव्हा सरकारनं जर्मन पाद्र्यांना धरून नेलं आणि त्यांचा मागांचा कारखाना बंद झाला. मास्तर काम शोधत निघाले. एका ठाण्यावर जमादारानं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. जमादार मराठी माणूस. तो म्हणाला, "नावातच हेर आहे की तुझ्या." तीन महिने त्यांना कोठडीत ठेवलं. तेव्हाची त्यांची कातरणांची पहिली वही पुरावा म्हणून जप्त झाली, ती परत मिळाली नाही. सुटून सोलापुरात आले, लग्न केलं, दोन मुलगे झाले. लढाई संपता संपता तापाची साथ आली. आठ दिवसांत बायको नि दोन्ही मुलगे गेले. मास्तर एवढंच सांगत, "तिघं बी गेले." मुलांची नावं मी कधी त्यांच्या तोंडून ऐकली नाहीत.

त्यानंतर ते शहराबाहेरच्या तारेच्या वसाहतीत विणकाम शिकवायला लागले. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. सरकारनं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांच्या माणसांना पालं मोडून तिथं आणलेलं, भोवती काटेरी तारेचं कुंपण. गिरणीत कामाला जायचं तर पास लागे. रोज हजेरी होई. पोर मोठं झालं की त्याच्या दहा बोटांचे ठसे घेत आणि त्याचं नाव पोलिसांच्या वहीत चढे. एकदा चढलं की ते मरेपर्यंत तिथंच. पोरानं काही केलेलं असो नसो.

एका जूनमध्ये मास्तर शाळेत आले. बरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. केस तेल लावून घट्ट बांधलेले, परकर नवा, कोरा वास येणारा. मी रजिस्टर उघडलं.

"नाव?"

"यल्ली," मुलगी म्हणाली.

"वडिलांचं?"

"हेरमान," मास्तर म्हणाले.

"आडनाव?"

"त्येच."

मी लेखणी खाली ठेवली. मुलीच्या कपाळावर नि हनुवटीवर गोंदण होतं. कुठली मुलगी हे विचारायची गरज नव्हती. मी तिला बाहेर झाडाखाली पाठवलं नि म्हटलं, "मास्तर, ही तुमची मुलगी नाही."

"न्हाय."

"मग मी खोटं कसं लिहू?"

ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "बाई, पोरगीचा हात मागावर असा चालतो की बगत ऱ्हावं. डोकं हातापरीस तेज. आनिक चार वर्सानं तिचं ठसे घेत्याल. मंग कोन तिला कुटं उबं करनार? माजं नाव कुनी मला फुकट दिलं. त्येंच्या मेलेल्या पोराचं हुतं. माजी बी पोरं मेली. मंग ते नाव मी कुनाला द्यायचं?"

मी लेखणी पुन्हा उचलली. गिरणीचा चारचा भोंगा झाला. मग मी लिहिलं, यल्ली हेरमान हेरमान. जमातीच्या रकान्यात ख्रिस्ती.

दोन दिवसांनी यल्लीची आई गंगव्वा शाळेच्या मागल्या दारी आली. गिरणीतून परत जाताना पासाच्या वेळेतून थोडा वेळ चोरून आलेली. मी तिला विचारलं, "मुलीचं नाव बदललं. तुला चालेल ना?" ती म्हणाली, "माजं नाव ठाण्यात रोज घेत्यात बाई. माज्या नावाचं लई काय चांगलं झालंय? पोरीचं तेवडं नगा घिऊ दिऊ." आणि उंबऱ्याला हात लावून गेली.

यल्ली चौथी पास झाली. मी तिला दाखला लिहून दिला. मास्तरांनी ओळखीच्या एका नर्सबाईंबरोबर तिला दूरच्या एका दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला धाडलं. वसाहतीच्या वहीत तिच्या नावापुढं 'फरारी' असा शेरा पडला. चौकशी झाली, मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, मागाच्या कामावरून परत येताना बाजारात हात सोडून गेली. यल्लीची पत्रं माझ्या पत्त्यावर येत. खाली सही, य. हेरमान.

त्यानंतर मास्तरांनी आणखी सहा मुलं आणली. एकदम नव्हे. वर्षाला एखादं, कधी दोन. मागावर मदतीला म्हणून ते मुलांचा पास काढत, सकाळी शाळेत बसवत, दुपारी घरमालकांच्या मागावर आणि संध्याकाळी हजेरीला परत. रजिस्टरात मी लिहीत गेले. भीमा हेरमान हेरमान, दुर्गा हेरमान हेरमान. रविवारी भट्टीपाशी मी एकदा म्हटलं, "मास्तर, तुमची भावकी सोलापुरातच वाढायला लागली." मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "नाव असंच पसरतंय बाई. ज्येला निवारा नसतो तो घेतो."

भीमा त्यांच्यातला थोरला. दाखला घेऊन तो एका गिरणीत लागला, चाळीत राहू लागला आणि वसाहतीच्या वहीत फरारी झाला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. मस्टरवर तीन हेरमान. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, चेष्टेनं विचारी, तुमच्या बापाला किती पोरं? भीमा म्हणे, "मोजायची हायत अजून." चेष्टेखोर मुलगा होता. दोन वर्षं अशी निघाली. त्या दोन वर्षांत मास्तर जरा अंगानं भरले, असं मला आता आठवतं.

मग एका संध्याकाळी गिरणी सुटताना दारावर नवा शिपाई उभा होता. वसाहतीत हजेरी घेणारा, बदलून आलेला. त्यानं गर्दीतून भीमाला ओळखलं आणि जुन्या नावानं हाक मारली. भीमानं वळून पाहिलं. तेवढं पुरे झालं. त्याच्या ट्रंकेत शाळेचा दाखला सापडला. दाखल्यावर सही माझी होती.

तिसऱ्या दिवशी फौजदार शाळेत आले. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस घाईघाईनं येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. दोन शिपायांच्या मध्ये मास्तर. हातात बेडी नव्हती. कोट नीट घातलेला, वरचं बटण तेवढं तुटलेलं. फौजदारांनी रजिस्टर मागितलं. मी दिलं. त्यांनी पानं उलटून सहा नावांवर निळ्या पेन्सिलीच्या खुणा केल्या.

"ही नावं तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"ही मुलं याची नाहीत, हे तुम्हांला माहीत होतं?"

चिटणीसांनी घसा साफ केला. आदल्या संध्याकाळीच ते घरी येऊन मला सांगून गेले होते, की शाळेची मान्यता जाईल, आणि मग तुम्हांला कुठं दुसरीकडं नोकरी मिळणं कठीण आहे. आतल्या खोलीत आई ऐकत होती. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत म्हणाले, "त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. मला काही माहीत नव्हतं."

फौजदार मास्तरांकडं वळले. "काय रे?"

"बाईंस्नी काय ठावं न्हवतं," मास्तर म्हणाले. "मी लबाड बोललो. पोरं माजीच म्हनून सांगितलं."

"किती पोरं?"

मास्तरांनी रजिस्टरातल्या निळ्या खुणांकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "सा."

"सहाच?"

"सा."

फौजदार मला म्हणाले, "हे रजिस्टर चार वर्षांपूर्वीपासूनचं आहे. आधीचं कुठं आहे?" ते आधीचं रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. यल्लीचं नाव त्यात होतं. मी म्हणाले, "वाळवी लागली. गेल्या पावसाळ्यात जाळून टाकलं." चिटणीस माझ्याकडं पाहू लागले. फौजदारांनी ते लिहून घेतलं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी ते रजिस्टर पदराखाली घरी नेलं आणि भट्टीत घातलं. घरमालकांनी काय आहे ते विचारलं नाही, फक्त लाकूड पुढं सारलं.

मास्तरांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकारी नोंदीत खोटेपणा केला आणि फरारी माणसांना आसरा दिला, असे दोन गुन्हे. सहाही मुलं तारेच्या आत परत गेली. ठसे घेतले, मूळ नावं वहीत चढली. भीमाला शिक्षा होऊन मग वसाहतीत आणलं. पुढच्याच वर्षी तो पुन्हा पळाला नि त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. दुर्गा, सर्वांत धाकटी, त्या उन्हाळ्यात पटकीनं गेली. तिच्या मृत्यूची नोंद कुठल्या नावानं झाली, ते मी कधी विचारलं नाही.

मास्तर सुटून आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. तुरुंगात त्यांना जात्यावर लावलं होतं. पाठ वाकलेली, खोकला लागलेला. वसाहतीची नोकरी गेली होती, कुंपणाच्या जवळपास फिरकायलाही बंदी. घरमालकांनी त्यांना खालच्या खोलीत एक माग आणि झोपायला कोपरा दिला. लोक काय म्हणतील, असं कुणी म्हटलं की घरमालक म्हणत, "लाल रंग टिकवायला शिकवलं त्या माणसानं मला. लोकांनी काय शिकवलं?"

मी रोज संध्याकाळी कडक भाकरी नि शेंगांची चटणी खाली नेऊन देत असे. मास्तर "ठेवा की" म्हणत. भाकरी दुधात कुस्करून खात, अर्धी ठेवून देत. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही. असे चार-पाच महिने गेले. एकदा धीर करून मी म्हटलं, "मास्तर, मी त्या दिवशी खोटं बोलले. तुम्हांला एकटं पाडलं."

त्यांनी हातातला धोटा मागावर ठेवला. "तुमी खरं बोलला असता तर तुमची नोकरी गेली असती, शाळा बंद झाली असती. म्हातारी आई हाय तुमची. मी आदीच ठरवून आलो हुतो, बाईंचं नाव घ्यायचं न्हाय." मग खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर ते म्हणाले, "पन येक सांगतो. बोलताना तुमी माज्याकडं बगितलं न्हाय. दौतीकडं बगितलं. तेवडं बगायला पायजे हुतं, बाई. मला बरं वाटलं असतं."

आवाजात राग नव्हता. एखाद्या शिकाऊ पोराची वीण कुठं चुकली ते दाखवावं, तसं ते बोलले आणि पुन्हा धोटा उचलला. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले. त्यातलं दुसरं काही माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

यल्लीची पत्रं येत होती. तिचं शिक्षण पुरं झालं, करकंबच्या लहानशा दवाखान्यात सुईण म्हणून ती लागली. मास्तर पत्र दोनदा वाचून घेत आणि म्हणत, "तिला माज्या आजाराचं कळवू नका. लगोलग येईल. आली तर कुनीतरी वळकील." मी विचारलं, एकदा तरी बघावंसं वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटतंय की. वाटतंय म्हनून बोलवायचं आसतं व्हय?"

पुढच्या चैत्रात त्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. शेवटच्या दिवशी शुद्ध होती. मला म्हणाले, "मेल्याचं बी कळवू नका." मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. "बाई, व्हय म्हना," ते म्हणाले. मी त्यांच्याकडं बघून हो म्हटलं. दुपारी ते गेले. ऊन असं होतं की खड्डा खणणारा दर चार घावांनी सावलीत जाऊन बसे. पाद्री, घरमालक, मी आणि तो खणणारा, एवढीच माणसं. पाद्र्यांनी लाकडी क्रुसासाठी विचारलं, "नाव हेरमान. आडनाव?" घरमालक म्हणाले, "तेच." पाद्र्यांनी एकदाच लिहिलं.

मी शब्द पाळला. यल्लीच्या पत्राला उत्तर लिहीत राहिले. मास्तर बरे आहेत. मास्तरांचा माग चालू आहे. मास्तर तुझी आठवण काढतात. दोन वर्षं मी असं लिहिलं. मेलेल्या माणसाची खुशाली लिहिणं किती सोपं असतं, त्याला ना दुखणं ना खुपणं. पण तिसऱ्या वर्षी आई वारली आणि घरात मी एकटी राहिले, तेव्हा ते ओझं मला सोसेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व्हिस मोटारीनं करकंबला गेले.

बाजाराच्या दिवशी पोचले. दवाखाना कुठं विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "हेरमानबाईंचा व्हय? त्यो की, लिंबाखाली." दवाखाना खरं तर डॉक्टरांचा. पण बायका तो हिच्या नावानं ओळखत होत्या. दारात उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी यल्ली उभी होती. पांढरं लुगडं, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. हनुवटीवरचं गोंदण फिकट झालेलं. तिनं मला ओळखलं, पाया पडली, पाट दिला. मी पाटावर बसल्याबसल्या सांगून टाकलं, की मास्तर गेले, दोन वर्षांपूर्वीच गेले.

तिनं पातेल्यातली कात्री चिमट्यानं बाहेर काढली, फडक्यावर ठेवली. म्हणाली, "मला ठाऊक होतं बाई."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तुम्ही लिहिलंत, मास्तर तुझी आठवण काढतात. मास्तर असलं कधी म्हणायचे नाहीत." दुसरी कात्री काढत तिनं विचारलं, "शेवटी कोण होतं जवळ?"

"मी होते."

"बरं झालं."

मग मी तिला शाळेतला तो दिवस सांगितला. फौजदार, चिटणीस, मी काय बोलले ते, आणि मास्तरांनी सहाच मुलं सांगितली तेही. काही लपवलं नाही. जुनं रजिस्टर जाळल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या आवाजात माफीची थोडी आशा आली असावी, कारण तिनं हातातलं काम थांबवलं.

"मी गेले तेव्हा आईला पंधरा दिवस कोंडलं होतं," ती म्हणाली. "पोरगी कुठं आहे सांग म्हणून. आईला सगळं ठाऊक होतं. गाव ठाऊक होतं, नर्सबाईंचं नाव ठाऊक होतं. मारलंही. ती बोलली नाही. नंतर तिचा डावा हात वर होत नव्हता, गिरणीनं काढून टाकलं. मला हे मागल्या वर्षी कळलं, ती गेल्यावर. मास्तरांनाही ठाऊक असणार. त्यांनी तुम्हांला सांगितलं नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

ती पुढं काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला, पायताण हातात, धोतर चिखलानं भरलेलं. उसाच्या फडातूनच निघालेला असावा. म्हणाला, "हेरमानबाई, चला की लवकर. पोर आडवं आलंय म्हनत्यात." यल्लीनं कात्र्या फडक्यात गुंडाळल्या, पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, "बसा बाई. चहा करून घ्या, डब्यात साखर आहे. मला वेळ लागेल."

मी पाटावर बसून राहिले. पाणी उकळून उकळून आटलं, तेव्हा उठून चूल विझवली. उन्हं उतरली तरी ती आली नाही. शेवटची मोटार साडेपाचला होती. दाराला बाहेरून कडी लावली आणि निघाले.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.